पान एकोणसत्तरच्या पुढे

सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात मी छापून झालो. मी मधमाश्यांवरचा ग्रंथ. आजवर कधी तोंड उघडले नाही; आता वेळ आली म्हणून बोलतो.

माझा लेखक गुरांचा डॉक्टर होता. दिवसभर गुरे तपासायची आणि उरलेल्या वेळात मधमाश्या पाळायच्या, असे त्याचे आयुष्य. त्याने पाहिले तेवढेच लिहिले. चुकले तेही लिहिले.

छापखान्यात मोठाले कागद छापतात, घड्या घालून शिवतात आणि मग कडा कापतात. माझी एक घडी कापायची राहिली. पान एकोणसत्तर दिसे. ते उलटले की एकदम बाहत्तर. मधली दोन पाने कडेला जोडलेली, आत बंद.

कॉलेजच्या ग्रंथालयात मला संदर्भाच्या कपाटात जागा मिळाली. घरी न्यायला बंदी. मला त्याचा अभिमान होता. समोरच्या टेबलावर ग्रंथपालबाई नव्या मुलांना संदर्भ कसा द्यायचा ते शिकवीत. लेखक, वर्ष, ग्रंथ, पान. नमुना म्हणून मलाच उचलीत. मुले माझे पहिले पान उतरवून घेत आणि मला परत ठेवीत.

फार पूर्वी एक तरुण आला होता. त्याने मला पान एकोणसत्तरपर्यंत नीट वाचले. तिथे लिहिले आहे की तंबाखूच्या पानांचा धूर दिल्यावर माश्यांच्या अंगावरचे बारीक किडे गळून पडले आणि माश्या ठणठणीत राहिल्या. त्याने पान उलटले. बाहत्तर पाहून कपाळाला आठी घातली. मग घड्याळाकडे बघून उठला.

हाच पुढे इथला प्राध्यापक झाला. तळटीप नसलेला निबंध तो तोंडावर परत करी, म्हणून मुले त्याला तळटीप सर म्हणत. त्याच्या प्रबंधात या धुराला आधार म्हणून माझे नाव आले. त्याच्या विद्यार्थ्यांनी ते त्याच्याकडून उतरवले, पुढच्यांनी त्यांच्याकडून. ते सारे प्रबंध समोरच्या कपाटात ओळीने उभे आहेत. प्रत्येकात मी, पान एकोणसत्तर. ते पान उघडून बघायला मात्र कोणी आले नाही.

गेल्या वर्षी सरांची एक विद्यार्थिनी आपल्या आत्याला घेऊन आली. आत्यानेच तिला वाढवलेले. आत्याकडे मधमाश्यांच्या सात पेट्या होत्या. माश्यांना किडे लागले तेव्हा भाचीने छातीठोकपणे सांगितले होते की धूर दे, ग्रंथात आहे. आत्याने दिला. सहा पेट्यांतल्या माश्या मेल्या.

"हाच का तो? बघू याचं थोबाड," आत्या म्हणाली.

"आत्या, हळू. इथे मोठ्यानं बोलत नाहीत."

"सहा पेट्या झाडून काढल्या मी. हळू कशी बोलू? एक उरलीय. तिला उद्या पुन्हा धूर द्यायची पाळी आहे. देऊ की नको, एवढंच विचार याला."

मी हादरलो. इतक्या वर्षांत माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते. धूर दिला? माझ्या सांगण्यावरून?

भाचीने एकोणसत्तर वाचले. पान उलटले, तर बाहत्तर. ती थांबली. बोटांनी कागद चाचपला आणि बाईंना हाक मारली. बाईंनी पट्टी आत सरकवून घडी कापली. छापल्यापासून पहिल्यांदा तिथे उजेड पडला.

भाची आत्याला वाचून दाखवू लागली. पान सत्तरवर माझ्या लेखकाने लिहिले आहे, "तिसऱ्या आठवड्यात पोळ्यातली पिल्ले काळी पडली. पुढे माझी एकही पेटी वाचली नाही. हा धूर कोणीही देऊ नये."

तो मजकूर मला पाठ होता. पण त्याच्या नेमके उलटे माझ्या नावावर प्रबंधामागून प्रबंधात सांगितले जात होते, हे मला त्या क्षणी कळले.

"म्हणजे हा बिचारा बोंबलून सांगत होता," आत्या म्हणाली, "आणि तुम्हा शिकलेल्यांना दोन पानं सोडवायला सवड नव्हती."

भाचीच्या डोळ्यांना धार लागली. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. उरलेली पेटी तरी वाचली, असे म्हणाली.

सरांना बोलावले. त्यांनी उभ्यानेच वाचायला घेतले, मग खुर्ची ओढून बसले. पुन्हा वाचले. चेहरा पांढराफटक.

"ताई, तुमच्या सहा पेट्यांचं देणं माझ्यावर आहे," ते म्हणाले.

"पेट्या घरीच आहेत, सर. रिकाम्या. देणं माश्यांचं आहे."

सरांनी शुद्धिपत्र छापून आणले आणि समोरच्या प्रत्येक प्रबंधात स्वतःच्या हाताने चिकटवले. विद्यार्थी मदतीला आले, त्यांना परत पाठवले. सर्वांत आधी स्वतःचा प्रबंध घेतला. पुढे दर रविवारी ते आत्याच्या अंगणात जाऊ लागले. वाचलेल्या पेटीतून नवी वसाहत कशी वेगळी काढायची ते शिकले, रानातली पोळी शोधून आणली. एका सोमवारी डोळा सुजवून वर्गात आले. मुले हसली, तर हसू दिले.

आता मी आपोआप पान सत्तरवर उघडतो. तिथे बोटांचे डाग पडले आहेत. पडू देत. माझे नाव घ्यायचे असेल तर आधी मला वाचा, आणि पाने चिकटलेली असतील तर सोडवा. याहून जास्त माझे मागणे नाही.

फुलोरा सरल्यावर आत्या एकदा ग्रंथालयात आली. सर टेबलाशी बसले होते.

"सहावी पेटी भरली," ती म्हणाली. "फिटलं."