हॅश नसलेली ओळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांचे कंट्रोल बोर्ड बनवणारं एक छोटं वर्कशॉप आहे. धनलक्ष्मीला तिथं कामाला लागून तीनच महिने झाले होते. तिचे वडील नरसय्या ज्या कारखान्यात टॉवेल विणत, तिथल्या मागावर याच वर्कशॉपचा नवा बोर्ड बसला होता. आडवे एकशेवीस धागे मोजून त्यानं टॉवेलची किनार संपवायची. पण किनार कधी बोटभर व्हायची, कधी पार सहा बोटं.

"प्रोग्राम मी लिहिलाय," वर्कशॉपचे धनाजीराव म्हणाले. "धागे मोजणारा सेन्सर खराब असणार."

सेन्सर बदलला. फरक पडला नाही. कारखान्याचा मालक बोर्ड परत न्या म्हणू लागला.

त्या दिवशी जेवताना नरसय्या लेकीला म्हणाले, "किनार चुकते, पण एकसारखी चुकते. लाईट जाऊन आली की मगच माप बदलतं."

धनलक्ष्मीचा घास हातातच राहिला. सेन्सर बिघडला असता तर प्रत्येक टॉवेल वेगळा निघाला असता!

सकाळी तिनं असेंब्ली भाषेत लिहिलेला सगळा प्रोग्राम छापून घेतला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. चौऱ्याऐंशीव्या ओळीवर बोट थांबलं.

"सर, इथं १२० च्या आधी हॅशची खूण (#) नाही."

धनाजीराव वाकून बघू लागले. ती भीतभीतच पुढं बोलली, "हॅश असतं तर बोर्डावरच्या चिपनं एकशेवीस हा आकडा धरला असता. आता ती मेमरीतला एकशेवीस नंबरचा खण उघडते. त्यात आपण काहीच ठेवलेलं नाही. लाईट आल्यावर तिथं जे पडलेलं असेल, तेवढे धागे मोजते. दोन्ही लिहिणं नियमात बसतं, म्हणून कॉम्प्युटरनंही चूक दाखवली नाही."

धनाजीरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "हॅश घाल. दुपारी तूच चल बसवायला."

दुपारी नरसय्यांनी स्वतः पाच वेळा मेन स्विच पाडला, पाच वेळा चालू केला. दर वेळी एक टॉवेल विणला आणि पाचही टॉवेल एकावर एक ठेवले. किनारी तंतोतंत जुळल्या.

"चूक माझी होती," धनाजीराव मालकाला सगळ्यांसमोर म्हणाले. "हिनं शोधली."

शेजारच्या मागावरच्या बाईनं विचारलं, "कोणाची हो पोरगी?"

मागांच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून नरसय्या ओरडूनच म्हणाले, "माझी!"