उलट्या अक्षरांचं नाणं

घड्याळजींच्या डोक्याला ताप सुरू झाला तो मोबाइलवर फिरणाऱ्या एका व्हिडिओपासून. टाकसाळीत चुकून वेडंवाकडं छापलं गेलेलं नाणं म्हणे लाखाला जातं, आणि ते तुमच्या खिशातही असू शकतं! झालं. पाहायला भिंग लागतं म्हटल्यावर सगळ्यांना घड्याळजींचं दुकान आठवलं. तीस वर्षं ज्या डोळ्याला भिंग लावून त्यांनी केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ केल्या, त्या डोळ्यासमोर लोक चिल्लर ओतू लागले.

"बघा ना, हा आकडा दोनदा उमटलाय."

"उमटला नाही, घासलाय."

"मग हे? कडेला खळगा आहे."

"यानं कुणीतरी डब्याचं झाकण उघडलंय. टाकसाळीत झाकणं उघडत नाहीत."

सुरुवातीला त्यांनी हौसेनं पाहिलं, खोटं कशाला बोला. खरी चूक कशी असते ते वाचूनही काढलं. पण पंधरा दिवसांत जीव मेटाकुटीला आला. दुरुस्तीची घड्याळं तशीच पडून. नवं गिऱ्हाईक रांग पाहून परत फिरायचं. 'इथे नाणी दाखवू नयेत' असा कागद त्यांनी दारावर चिकटवला. लोक तो मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "माझं एकच आहे हो."

त्यात मेव्हण्याची भर. बायकोचा हा धाकटा भाऊ नोकरी सुटल्यापासून रोज दुकानात येऊन बसायचा. हातात कला होती, पण बूड स्थिर नव्हतं. बाहेर मात्र तो छाती फुगवून सांगायचा, "आमच्या भाऊजींच्या नजरेखालून गेलेलं नाणं म्हणजे सोनं!"

एका सकाळी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आल्या. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी रुमालाची गाठ सोडून एक नाणं पुढे ठेवलं.

"हे तुम्ही पास केलंय ना? तुमचा मेव्हणा म्हणाला. नातीच्या शिक्षणाला होईल म्हणून घेतलं मी."

घड्याळजींनी दात-ओठ खात भिंग लावलं. नाण्यावर आरशात दिसावीत तशी उलटी अक्षरं होती.

"बाई, एक नाणं साच्यात अडकलं आणि त्याच्यावर दुसरं ठोकलं गेलं, तर अशी उलटी अक्षरं येतात. पण मग त्या बाजूचा मूळ आकडा उमटतच नाही. इथे तो खाली दिसतोय, चपटा होऊन. म्हणजे नाणं आधी नीट छापलं गेलं. मागाहून कुणीतरी त्याच्यावर दुसरं नाणं ठेवून दाबलंय."

त्यांनी नाणं पालटलं. मागे बारीक चौकटींची जाळी उठली होती, आणि एका कोपऱ्यात जाळी नव्हतीच. घड्याळजींचे कान तापले. वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणारा, जबड्याचा एक कोपरा तुटलेला तो व्हाइस त्यांच्याच टेबलाला बसवलेला होता.

"किती दिलेत त्याला?"

"पैसे कुठले? आमच्या ह्यांचं घड्याळ दिलं. ते गेल्यापासून बंदच होतं."

घड्याळजींनी टेबलावरचं काचेचं झाकण उचललं. 'मित्राचं आहे, चालू करून द्या' म्हणून मेव्हण्यानं कालच आणून दिलेलं घड्याळ खाली उघडं पडलं होतं. बाईंनी ते ओळखलं. त्यांनी चष्मा काढला आणि त्या तो पुसत राहिल्या.

तेवढ्यात मेव्हणा चहा घेऊन आला. बाईंना पाहून त्याचा हात थबकला.

"भाऊजी, गंमत केली हो. आणि अक्षरं उलटी आहेत हे तरी खरंच आहे ना?"

"गंमत? माझ्या व्हाइसमध्ये? माझं नाव सांगून?" घड्याळजींचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "अरे, जरा जनाची नाही तर मनाची तरी…"

"माझ्या वर्गात होतास ना तू?" बाईंनी शांतपणे विचारलं.

मेव्हण्यानं मान खाली घातली. चहा निवून गेला तरी पेले त्याच्या हातातच होते. शेवटी तो कसाबसा "चुकलं, बाई" म्हणाला.

घरी बायको भावाच्याच बाजूनं बोलली. "हाताला काम दिलंत का कधी त्याला? नुसता बसवून ठेवलात!" हे खरंच होतं, त्यामुळे घड्याळजींची आणखीच चिडचिड झाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मेव्हण्याला पट्टे आणि सेल बदलायला बसवलं. बाईंचं घड्याळ चालू करून त्यांच्या हातात दिलं.

मनगटावर ढिलं होणारं ते घड्याळ घालून बाई पुन्हा आल्या आणि दाराशी स्टूल ओढून बसल्या.

"तुम्ही घड्याळं बघा. नाणी मी बघते. एकदा फसले, आता शिकेन."

आणि त्या शिकल्या. "हे आपटलेलं. हे आगीत पडलेलं. हे कानशीनं घासलंय, लाज नाही वाटत? चला, पुढचा!" आठवड्यात रांग निम्म्यावर आली.

गुरुवारी मात्र एका नाण्यावर बाई 'पुढचा' म्हणाल्याच नाहीत. त्यांनी घड्याळजींना हाक मारली. ते नाणं दोन बोटांत धरून त्यांनी वरून खाली पालटलं. मागचा छाप सरळ येण्याऐवजी चांगलाच तिरका उभा होता.

"असं तर कुणाला दाबून करता येणार नाही ना?"

"बाई, अकरा वाजता गिऱ्हाईक यायचंय, समोर घड्याळ उघडं पडलंय, आणि तुम्ही…" घड्याळजी करवादले, आणि भिंग डोळ्याला लावून त्यांनी हात पुढे केला.