दारातून न निघणारा पलंग

कुऱ्हाडीचा तिसरा घाव पलंगाच्या खांबाच्या मुळाशी बसला आणि सागाची एक लांब ढलपी उडून मंदाबाईंच्या कपाळाला लागली. त्यांनी पदरानं कपाळ टिपलं, पदरावर उमटलेला लाल ठिपका पाहिला आणि कुऱ्हाड पुन्हा उचलली.

दारात टेम्पोवाला पुना उभा होता. पुढे व्हावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"अक्का, परवा सुतार लई येसू ना मी."

"सुतार आणून काय करतोस? तूच म्हणालास ना, पलंग दारातून निघत नाही? मग तुकडे निघतील."

चौथा घाव बसला. पलंग याच खोलीत सुताराला बसवून करून घेतलेला, पंचेचाळीस वर्षांपूर्वी. त्याचे बोल्ट गंजून लाकडात रुतले होते. बाकीचं घर बहुतेक रिकामं झालं होतं. पितळी हंडे, कोठ्या, बावीस गोधड्या, पाहुण्यांसाठी जपलेली ताटं, सगळं मंदाबाईंनी तीन आठवड्यांत वाटून टाकलं होतं. पिंप्राळ्यातल्या ओळखीच्या घरी एकेक वस्तू गेली की त्या जरा सैल श्वास घ्यायच्या.

याला कारण यावलची थोरली बहीण. ती जानेवारीत गेली आणि तेराव्याच्या दिवशीच तिची दोन्ही मुलं सामानावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेली. धाकट्यानं घागर उचलून थोरल्याच्या तोंडावर मारली. ओसरीवर पडलेले दोन दात मंदाबाईंनी स्वतः उचलले होते. परतीच्या एसटीतच त्यांनी ठरवलं, आपल्यामागे काही ठेवायचं नाही. हितेंद्र एकुलता एक मुलगा, त्याला भांडायला दुसरं कोणी नव्हतं; पण धुळ्याहून येऊन त्यानं आणि सून सारिकानं महिनोन्‌महिने पसारा उपसावा, हेही नको. एकाहत्तर वर्षांच्या बाईला एक खोली, एक खाट पुरते.

पलंग मात्र त्यांनी शेवटी ठेवला होता आणि तो कुणाला द्यायचा नव्हता.

पाचव्या घावाला उशाकडचा डावा खांब कलला. याच खांबावर नवऱ्यानं, लीलाधरनी, त्यांचं डोकं धरून दोनदा आपटलं होतं. भाजीत मीठ जास्त झालं होतं, की माहेरचं पत्र आलं होतं, ते आता आठवत नव्हतं. हितेंद्र आठ वर्षांचा होता, दारात उभा होता, हे आठवत होतं. लीलाधर जाऊन तीन वर्षं झाली होती. गल्लीत अजून सगळे त्यांचं नाव आदरानं घेत.

बाहेर गाडी थांबली. हितेंद्र आत आला, मागोमाग हातात आंब्याची पेटी घेऊन सारिका.

"हे काय चाललंय?"

मंदाबाई थांबल्या नाहीत.

"माय! नानांचा पलंग आहे तो!"

"माहीत आहे."

"मी धुळ्याला नेणार होतो."

"कधी बोलला नाहीस."

"बोलायला कशाला पाहिजे? माझ्या बापाचा आहे. सगळं घर लुटवलंस, मी काही म्हटलं? हा एक पलंग तुझ्या डोळ्यात सलतो?"

मंदाबाईंनी कुऱ्हाड खाली टेकवली. त्यांना धाप लागली होती.

"या खांबापाशी काय झालं होतं, आठवतं तुला?"

"आठवतं. तू उलट बोलायचीस. नाना काय उगाच मारायचे?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी कुऱ्हाड डोक्यावर नेली आणि खांबावर घातली. लाकूड कडाडलं. खांब कोसळला, फरशीवर आपटून उसळला आणि त्याचं टोक भिंतीत घुसलं. चुन्याचा पोपडा खाली आला.

हितेंद्र झेपावला. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा धरला. मंदाबाईंनी सोडला नाही. त्यानं त्यांचं मनगट पकडून पिरगाळलं. आत काहीतरी कट्कन मोडल्याचा आवाज त्या दोघांनीही ऐकला. तरीही त्यानं सोडलं नाही. कुऱ्हाड हिसकावून त्यानं त्यांना छातीवर हात देऊन ढकललं, आणि त्या पलंगाच्या कडेवर पाठीनं आदळून खाली आल्या.

पुना पुढे धावला. हितेंद्रनं कुऱ्हाड त्याच्याकडे रोखली.

"तू बाहेर हो. घरातलं आहे हे."

पुना अंगणात गेला.

सारिका ओरडली नव्हती. जमिनीवरून मंदाबाईंना ती दिसत होती. तिनं आंब्याची पेटी कोपऱ्यात नीट ठेवली. शेजारच्यांकडे उघडणारी खिडकी लावून घेतली, मग रस्त्याकडची. दार लोटून कडी घातली. मग कूलरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. त्याच्या घरघरीत खोली भरून गेली. हे सगळं ती चटचट, एकामागून एक करत गेली. मग भिंतीला पाठ लावून, हात पोटाशी धरून उभी राहिली.

लीलाधर होते तेव्हा मंदाबाई रेडिओ मोठा करायच्या.

मनगटातली कळ दंडापर्यंत चढली होती, पण त्या सुनेकडेच पाहत राहिल्या. सारिकानं नजर खाली वळवली.

"बघ," हितेंद्र धापा टाकत म्हणाला, "तूच करायला लावलंस." कुऱ्हाड त्यानं पलंगाखाली सरकवली. आईचा हात सुजत चाललेला पाहून तो जरा नरमला. "सारिका, हिला दवाखान्यात ने. पलंग सरकवताना हात सापडला म्हणून सांगा. मी इथलं बघतो."

पुना अजून अंगणातच होता. त्यानं काही न विचारता टेम्पोचं दार उघडलं. तिघं पुढे दाटीनं बसली. ऊन असं होतं की काचेला हात लागला तरी भाजावं. प्रत्येक खड्ड्याला मंदाबाईंच्या तोंडून हुंकार निघत होता, आणि सारिका त्यांचा हात आपल्या मांडीवर उशी धरावी तसा धरून होती.

"विधी सुट्टीत का येत नाही गं घरी?" मंदाबाईंनी नातीचं विचारलं.

"अभ्यास असतो, आई."

"दिवाळीलाही अभ्यास होता."

पुढचा खड्डा आला तसा सारिकानं त्यांचा हात जरा वर उचलून धरला. मग म्हणाली, "होस्टेलला बरं वाटतं तिला."

पुनानं समोरची नजर हलवली नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं हाताचा एक्स-रे काढायला लावला, तो उजेडाकडे धरून पाहिला आणि कागद पुढे ओढला.

"मोडलंय, आजी. प्लास्टर लागेल. कसं झालं? पडलात?"

सारिका तयारीत होती. "पलंग सरकवताना..."

"नाही," मंदाबाई म्हणाल्या. "मुलानं पिरगाळलं. माझ्या मुलानं. हितेंद्र नाव. लिहा."

डॉक्टरचा पेन थांबला. तिनं एकदा सारिकाकडे पाहिलं.

"आजी, असं लिहिलं तर पोलिसांना कळवावं लागतं मला."

"कळवा."

"घरी जाऊन विचार करून..."

"पंचेचाळीस वर्षं झाली, बाई."

डॉक्टर लिहू लागली. मंदाबाईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं नाही. आपण पाहिलं तर तिला काहीतरी बोलावं लागेल, आणि ते स्वतःसाठी नाही, आपल्यासाठी बोललेलं असेल, असं त्यांना वाटलं. त्या समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत बसल्या. कोणीतरी बाहेर नंबर पुकारत होतं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सारिका टेबलाजवळ येऊन बसली. तिनं ड्रेसची बाही दंडाच्या वर, खांद्यापर्यंत सरकवली. तिचा आवाज इतका हळू होता की डॉक्टरला पुढे झुकावं लागलं.

"हे परवाचं आहे."

डॉक्टरनं टेबलावरचा दुसरा कोरा कागद घेतला आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."