गुडघ्यावरचं ठिगळ

मी एक जीन्स बोलतेय. निळी होते म्हणे. आता माझा रंग विचारू नका. दुकानात मुद्दाम फाडलेल्या माझ्या बहिणी काचेत मिरवत होत्या आणि मी धडधाकट, म्हणून कोपऱ्यात पडले होते. माणसांची आवड, दुसरं काय!

माझा मालक पॅकिंगच्या कारखान्यात फिटर. माल वाहणाऱ्या पट्ट्याखाली गुडघे टेकून शिरायचं आणि रुळांना ग्रीस लावायचं, हे त्याचं काम. पट्टा बंद करूनच खाली शिरावं, अशी पाटी भिंतीवर होती. पण पट्टा बंद झाला की साहेबांचं तोंड सुरू व्हायचं. म्हणून सगळे चालत्या पट्ट्याखालीच शिरत.

एक दिवस फिरत्या रुळाने माझा डावा गुडघा धरला. मी जुनी, विरलेली, टर्रकन फाटले. कापड रुळाला गेलं, पाय त्याचा त्याला राहिला. बरोबरचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "पँटीचे उपकार मान, बाबा." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. नव्या बायकोच्या जिवाला घोर कशाला, म्हणून घरी त्याने सांगितलं, खिळ्यात अडकली. बायको आणि आई, दोघींनी विश्वास ठेवला.

सून अबोल. सासूबाईंच्या शिलाई मशीनला तिने तोवर हात लावला नव्हता. नवऱ्यासाठी म्हणून लावला. सासूबाई शेजारी बसून सूचना करत होत्या: पाय नळीसारखा, तसा मशीनखाली जायचा नाही, आधी बाहेरच्या बाजूची शिवण उसव. तिने उसवली, मला सपाट पसरलं, आतून जुन्या पिशवीचं कॅनव्हास लावलं. पहिल्याच फेरीत सुई मोडली. सासूबाई म्हणाल्या, "जाड सुई लाव. माहेरी काय नुसते रुमालच शिवत होतीस?"

मग तिने जाड सुई लावली, दोरा दुहेरी घेतला आणि आडवे-उभे इतके टाके घातले, की गुडघा पुठ्ठ्यासारखा ताठ झाला. बाजूची शिवण परत घातली. नवऱ्याने मला चढवून दोन बैठका मारल्या आणि म्हणाला, आता मी झिजेन, पण ही नाही झिजायची. ती खाली मान घालून हसली. सासूबाईही, कधी नव्हे त्या, "बरं जमलंय," म्हणाल्या.

मला ओरडून सांगायचं होतं, अगं, एवढी घट्ट नको शिवूस. पण कापडाला कुठली वाचा!

पुढच्याच महिन्यात रुळाने तोच गुडघा धरला, ठिगळाच्या कडेला. मी फाटायची धडपड केली. खूप केली. तिचा एकही टाका सुटला नाही.

इस्पितळात मला त्याच्या अंगावरून कापून काढलं. गुडघ्यापाशी कात्री अडली, तेव्हा ठिगळाला वळसा घालून कापलं. तो वाचला. पाय नाही वाचला.

मला पिशवीत घालून मिस्त्री घरी घेऊन आले. चांगला माणूस, पण बोलायच्या ओघात बोलून गेले, "मागच्या खेपेला रुळात सापडला, तेव्हा कापड फाटलं म्हणून निभावलं. या खेपेला फाटेचना. कुणी शिवली होती हो इतकी पक्की?"

सून दारात उभी होती. खिळा नव्हताच, हे तिला त्या क्षणी कळलं. पाठोपाठ बाकीचंही कळलं. तिचे ओठ हलले.

"मी शिवली," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा, करडा. "तू आत जा गं. चहा टाक त्यांना."

मिस्त्रींनी मान खाली घातली. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

तेव्हापासून मी याच पिशवीत आहे. मला टाकायला कुणी धजत नाही, उघडून बघायलाही नाही. त्या दोघी अगदी जवळ बसून जेवतात आणि माझ्याविषयी अवाक्षर काढत नाहीत. तो अजून घरी यायचा आहे. त्याच्यापुढेही 'ते पक्के टाके मागाहून आईंनी घातले' असंच म्हणायचं, हे सासूबाईंनी सुनेला बजावून ठेवलंय.

माझं मागणं थोडं आहे. फाटका कपडा घरच्यांपुढे टाकाल, तेव्हा तो कसा फाटला तेही खरं सांगत जा. जिच्या हातात सुई आहे, तिला ते कळायला हवं.