धूर दिसला तरच

विमानातून फुलं टाकायची कल्पना भागुजीचीच. अठ्ठ्याण्णव साली डिंगोऱ्यात नवा बुद्धविहार उभा राहिला आणि उद्घाटन अशोक विजयादशमीला करायचं ठरलं. बैठकीत कुणी बँड म्हणालं, कुणी फटाके म्हणालं. भागुजीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सावकाश सांगितलं, "आमचा रुपेश वरनं फुलं टाकील." झालं, बैठक तिथंच संपली. वस्तीतला पहिला वैमानिक त्याच्या घरात होता, आणि ही बातमी सांगितल्याशिवाय भागुजी एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सोडत नसे. बापाला अभिमान असावा, कुणाची ना नाही. पण या गृहस्थाचा अभिमान दुधासारखा उतू जायचा आणि पुसायला बायको लागायची.

बायको म्हणजे फुलाबाई. बोलायला कमी, पण एकदा नाही म्हणाली की नाहीच. रुपेश पुण्याकडच्या एका फ्लाइंग क्लबात विमान उडवायला शिकवत होता. दोन माणसं कशीबशी मावतील एवढंच ते विमान. दसऱ्याआधी तो घरी आला, तेव्हा जेवण झाल्यावर आईला खळ्यावर घेऊन गेला. पाठीमागचा डोंगर दाखवून म्हणाला, "आये, ढगात दडलेल्या डोंगरानं लई जण खाल्लेत. ढगाला मधीच एक भोक पडतं. त्यातनं गाव दिसतं, मंडप दिसतो, मानूस भुलतं आन् खाली उतरतं. तेवढ्यात वरचं भोक मिटतं. मग चारी अंगाला डोंगर, आन् दिसत कायच न्हाई."

"मग यीऊच नको की."

"दादांनी बैठकीत शब्द देऊन ठेवलाय. मी ओतूरपर्यंत येतो, तिथनं बघतो. इथं पाचट रचून ठेव, वर वलं गवत टाक. डोंगराचा माथा सपष्ट दिसत आसंल तरच पेटव. धूर दिसला तर मी आत येईन, न्हाई दिसला तर तिथनंच माघारी. आन् काडेपेटी तुझ्याकडंच ठेव. दादांच्या हातात दिऊ नको."

फुलाबाई हसली. पण त्या दिवसापासून काडेपेटी तिच्या कनवटीला लागली ती लागलीच.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ऊन होतं. दुपार कलली तसे ढग डोंगरावर येऊन बसले आणि माथा दिसेनासा झाला. गावावर मात्र अजून ऊन होतं. ओतूर, पिंपरी पेंढार, कुठून कुठून माणसं आली होती. पांढऱ्या लुगड्यांनी आणि सदऱ्यांनी मंडप भरला होता. भन्ते आले होते, पाहुणे आले होते. फुलाबाईनंही पांढरं लुगडं नेसलं होतं, पण ती मंडपात नव्हती. खळ्यावर पाचटाच्या ढिगाशी एकटी उभी होती.

समितीचा सेक्रेटरी नवनाथ धावत आला. "काकू, पेटवा आता. पाव्हणं लई येळ बसल्यात."

"माथा दिसंना, बाबा."

"आवं, हितं ऊन पडलंय की लख्ख!"

"त्याला हितल्या उनाचा काय उपेग? त्याला डोंगर दिसाय पायजे."

नवनाथानं जाऊन भागुजीला आणलं. नवा कोरा सदरा, छातीला बिल्ला, आणि कपाळावर घाम. "अगं, पंचक्रोशी माना वर करून बसलीय. माझं नाक कापतीस का?"

"नाक गेलं तर फडकं लावा तोंडाला. पोरगं एकच हाय."

भागुजी काडेपेटीसाठी पुढं झाला. फुलाबाई सरळ ढिगावर जाऊन बसली, पांढऱ्या लुगड्यासकट. बायकोसकट ढीग पेटवायची काही भागुजीची तयारी नव्हती. तो दात-ओठ खात मंडपाकडं गेला. माइकवरून "विमान कोणत्याही क्षणी येईल" असं मघापासून तोच सांगत होता, आणि आता त्याला काय सांगावं कळेना.

तेवढ्यात आवाज आला. पूर्वेकडून, बारीक, शिवणयंत्रासारखा. मंडपातून शिट्ट्या झाल्या. "बघ आन् वळ," फुलाबाई पुटपुटत राहिली, "बघ आन् वळ, माझ्या राजा." आणि आवाज खरंच वळला. बारीक होत गेला. तिनं मोठ्ठा श्वास सोडला आणि पाचटावरून उठली. उठताना तिची नजर गावाकडं गेली.

शाळेच्या छपरामागून धुराचा लोट सरळ वर चढत होता.

झालं असं, की माणसं धरलेल्या अंदाजापेक्षा दुप्पट आली. भात पुरेना. हौशीराम आचाऱ्यानं शाळेमागं नवी चर खोदली, तिच्यावर दुसरं पातेलं चढवलं. लाकडं आदल्या दिवशीच्या पावसानं भिजलेली. त्यानं रॉकेल ओतलं आणि पत्रा घेऊन वारा घातला. फुलाबाईनं नवऱ्यावर लक्ष ठेवलं होतं, नवनाथावर ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या बिडी ओढणाऱ्यावरसुद्धा ठेवलं होतं. भात काही तिच्या ध्यानात आला नाही. चूल पेटली तर गावात त्याला कुणी धूर म्हणत नाही, स्वयंपाक म्हणतात.

ती पळाली. लुगडं सावरायचं भान राहिलं नाही. आचाऱ्याच्या पिंपातून बादली भरून तिनं चरीत उपडी केली.

"आवं बाई! भात हाय त्यो, भात! अख्ख्या गावाचा!" हौशीराम ओरडला.

तिनं दुसरी बादली ओतली. आणि विस्तव विझता विझता चरीतून पहिल्याहून मोठा, पांढराशुभ्र लोट उसळला. फुलाबाई रिकामी बादली धरून त्याच्याकडं बघत राहिली. असं कुणावर येऊ नये.

आवाज परत आला. आता जवळून. ढगाच्या भोकातून ते इवलंसं विमान खाली निसटलं आणि मंडपात एकच कल्ला झाला. विहारावर येऊन त्यानं एक पंख कलता केला. झेंडूची फुलं भुरभुरत खाली आली. काही विहारापुढच्या मूर्तीवर, काही पत्र्यावर, काही लेकराबाळांच्या डोक्यावर. "साधू! साधू! साधू!" अशी आरोळी उठली. भागुजी दोन्ही हात वर करून ढसाढसा रडत होता. त्या क्षणी त्याच्याएवढा सुखी माणूस जुन्नर तालुक्यात नसेल.

फुलाबाई विमानाकडं बघतच नव्हती. ती वर बघत होती. भोक मिटलं होतं.

विमान पूर्वेला निघालं. पण ओतूरच्या अंगाला पाऊस उतरला होता, काळाकरडा, जमिनीपर्यंत टेकलेला. विमान वळलं आणि परत गावावरून गेलं. लोकांना वाटलं, आपल्यासाठी दुसरी चक्कर. "अजून एकदा! अजून एकदा!" पोरं नाचायला लागली. विमान वर चढायला लागलं, चढत चढत ढगात शिरलं, आणि दिसेनासं झालं.

फुलाबाई मंडपात आली. हात काळे, लुगडं ओलं. पाहुण्यांच्या मधून ती स्टेजवर चढली आणि नवनाथाच्या हातातला माइक तिनं ओढून घेतला.

"गप बसा. समदी गप बसा. मला ऐकू द्या."

मंडप गप्प झाला. ढगात आवाज फिरत होता. एकदा ओतूरच्या अंगाला, एकदा विहाराच्या डोक्यावर, एकदा डोंगराकडं. कुणी मान वळवत नव्हतं. मग तो आवाज डोंगराकडं गेला, एकदम मोठा झाला, आणि तुटला.

भागुजी हळूच म्हणाला, "वर निघाला आसंल. वर गेल्यावर आवाज येत न्हाई, त्योच म्हनत व्हता." त्यानं नवनाथाकडं पाहिलं, भन्त्यांकडं पाहिलं. मग त्यानं बायकोकडं पाहिलं आणि छातीवरचा बिल्ला काढून खिशात घातला.

फुलाबाईनं त्याला दोष दिला नाही. द्यायचा म्हटलं तर काय थोडं होतं तिच्याजवळ? पण ती स्टेजवरून उतरली, भरल्या मंडपात नवऱ्याचा हात धरला आणि त्याला डोंगराच्या वाटेकडं ओढलं.

"चला," ती म्हणाली. "त्यानं हाक मारली तर ऐकाय वळखीचं मानूस पायजे."