माझ्या पाठीवरची चार भोके

मित्रांनो, लालबागच्या एका गल्लीतील सुतारकामाच्या गाळ्यात बिडाचे एक जुने यंत्र उभे आहे. ते यंत्र म्हणजे मी. माझ्या सपाट पाठीच्या मध्यातून एक दांडा वर येतो आणि त्यावर पोलादी कटर बसवतात. तो फिरू लागला की जवळ आलेल्या लाकडाच्या कडेला गोलाई येते, खाच पडते, घाट मिळतो. कारागीर मला ‘स्पिंडल’ म्हणतात. वेगात असताना माझे पाते दिसत नाही. दिसते ती केवळ एक फिकट झळाळी. माझ्या साऱ्या चिंतेचे मूळ त्या न दिसण्यात आहे.

माझा जन्म माझगावच्या एका ओतशाळेत झाला. ती ओतशाळा आज नाही. गाळ्याचे मालक गुणाजी यांच्या वडिलांनी मला हातगाडीवर घालून येथे आणले. तेव्हापासून पाट, चौरंग आणि फोटोच्या चौकटी यांच्या किती कडा मी घडवल्या, याची गणती नाही. दर खंडेनवमीला माझ्या पाठीवर हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूचा हार चढतो आणि गुणाजी मला हात जोडतात. त्या जोडलेल्या हातांतील उजव्या तर्जनीला टोक नाही. ते मी घेतले आहे. गुणाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “देवान टोकावर भागवल्यान.” मित्रांनो, ते ऐकताना मला फार संकोच वाटतो. मी दया केली नव्हती. लाकूड कोठे संपते आणि बोट कोठे सुरू होते, हे मला कळतच नाही.

गेली बारा वर्षे माझ्यापुढे बकुळाताई उभ्या राहतात. पाडलेल्या चाळींचे जुने सागवान आमच्याकडे येते. त्याचे तुकडे आखूड असतात, काही तर जेमतेम वीतभर. ते तुकडे त्या दोन्ही हातांनी माझ्या पात्यावरून पुढे सरकवतात. त्यांचे घर त्याच दोन हातांवर चालते. तुकडा जितका आखूड, तितका हात माझ्या जवळ. आणि हात जितका जवळ, तितका माझा जीव टांगणीला.

यंदा त्यांनीच विषय काढला. “काका, फीडर घेऊया. लाकूड चाकं ढकलतील. मी लांबून बघीन.”

गुणाजींनी शिवडीहून राजरत्न नावाच्या फिटरला बोलावले. त्याने मोबाइलवर चित्र दाखवले. “हा घ्या, काका. चार चाकं, मोठी मोटर. पैलवान आहे एकदम.”

“पैलवानच व्हयो,” गुणाजी खूश झाले.

बकुळाताईंनी विचारले, “दोन चाकांच्या मधे जागा किती?”

राजरत्न हसला. “ताई, लोक मोटर विचारतात. तुम्ही पोकळी विचारता!”

“मोटर लाकूड ढकलते रे. हात पोकळीत जातो.”

त्यांनी त्याला माझ्या पाठीवर खडूने चारही चाकांच्या जागा आखायला लावल्या. मग वीतभर पट्टी घेऊन त्या खुणांवरून सावकाश सरकवली. पट्टीने मागची खूण सोडली, तेव्हा पुढची अजून दूर होती.

“मागच्याने सोडली, पुढच्याने धरली नाही. आता पट्टी कोणाची?”

राजरत्नाने डोके खाजवले. “कटरची.”

“आणि मी सरळ करायला गेले, तर माझा हातही त्याचाच.”

मग निवड बदलली. जवळजवळ बसवलेल्या तीन चाकांचा, लहान मोटरचा, संथ गतीचा फीडर ठरला. वीतभर पट्टी त्यात सतत दोन चाकांखाली राहत होती. मला वाटले, माझी काळजी मिटली.

फीडर आला; त्याचा अवजड खांब माझ्या पाठीवर बसवायचा होता. राजरत्नाने माझ्या पाठीवर चार खुणा केल्या आणि ड्रिल काढले. “चार भोकं, आटे पाडतो, बोल्ट आवळतो. झालं.”

गुणाजींनी पंच्याने खुणा पुसून टाकल्या. “बाबांनी पुजलेली पाठ ही. हेका भोक पाडूचा नाय. क्लॅम्प लाव.”

“काका, क्लॅम्प नुसता कडेला आवळून धरतो, सरकेल. बीड गुळगुळीत आहे.”

“दोनाच्या जागी चार लाव.”

मित्रांनो, मला वाणी असती तर मी तेव्हाच आक्रोश केला असता. त्या अवजड खांबाखाली क्लॅम्पची पकड किती दुबळी आहे, हे माझ्याइतके कोणालाच कळत नव्हते. दोन पट्ट्या नीट गेल्या. तिसरीच्या वेळी खांब केसभर ढळला. चाकांची पकड सैल झाली आणि माझ्या पात्याने पट्टी मागे भिरकावली. ती बकुळाताईंच्या कमरेला चाटून गेली आणि दारावर आदळली. दाराच्या फळीत खोल खोक पडली.

त्यांनी स्विच बंद केला. “मी आता हात लावणार नाही.”

“बारा वर्सां हातानच केलंस मां?”

“तेव्हा भीत होते, म्हणून सावध होते. आज याच्या भरवशावर उभी राहिले.”

“पण बकुळे, देव तो. देवाक ड्रिल लावूचा?”

“तुमच्या नातीचे कान टोचलेत ना? रडली म्हणून सोडलंत?”

“ता वेगळा.”

“वेगळं काय त्यात? लाडकी होती म्हणूनच टोचलेत.”

गुणाजी दारापाशी गेले आणि त्यांनी त्या खोकीत आपले तुटके बोट घातले. ते पुरते आत गेले. मग त्यांनी विचारले, “तू खय उभी होतंस?” बकुळाताई जागेवर उभ्या राहिल्या. त्यांच्या कमरेपासून खोकीपर्यंतची सरळ रेघ गुणाजी बराच वेळ पाहत राहिले.

“राजरत्ना, खुणा परत कर. ड्रिल माका दी.”

पहिले भोक त्यांनी स्वतः पाडले. बिडाचा काळा चुरा माझ्या पाठीवर सांडला. मला वेदना झाली नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु इतकी हवीशी वेदना मी कधी भोगली नव्हती. चार बोल्ट आवळले गेले. राजरत्नाने सारे वजन टाकून खांब हलवून पाहिला. तो ढळला नाही. पट्टी चाकांखालून संथपणे गेली आणि बकुळाताईंनी ती पलीकडून उचलली. त्यांचा हात माझ्या पात्यापासून हातभर दूर होता.

तरी मी निश्चिंत नाही. चौरंगाचे वळणदार पाय त्या चाकांखालून जात नाहीत. ते अजून हातानेच धरावे लागतात. म्हणून मित्रांनो, यंत्राला अवश्य नमस्कार करा, हारही घाला. पण त्याचे अंग अभंग राहावे यासाठी माणसाचे अंग पणाला लावू नका. आम्हांला भोके पडली तरी आम्ही चालतो.

संध्याकाळी स्विच बंद होतो. बकुळाताई माझ्या पाठीवरचा भुसा दोन्ही तळव्यांनी सारतात. तेव्हा मी त्यांची बोटे मोजतो. आजही दहा भरली.