थोरलीच्या पुढची नऊ पावलं

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी, बुटकी मोटार आहे. 'बुटकी' हे नाव मला घरच्याच मुलाने ठेवलं, आणि मी त्याचा राग मानत नाही. माझं नाक खरंच खाली आहे, आणि त्या नाकाने काय केलं तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही शेकडो बहिणी ओळीने उभ्या होतो. कोण कोणाच्या अंगणात जाणार हे एकीलाही ठाऊक नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी वलगावच्या ओमप्रकाशभाऊंनी मला घरी आणलं. त्यांचा धंदा फुलांचा. झेंडू, शेवंती, गुलाब, जे वावरात फुलेल ते अमरावतीच्या फुलबाजारात न्यायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी मागची सीट काढून ओट्यावर ठेवून दिली. मला फार वाईट वाटलं. पण तिच्या जागी चादरीत बांधलेला ओला झेंडू आला आणि माझं दुःख पळालं. कोणत्या मोटारीच्या पोटात रोज देवाची फुलं असतात, सांगा बरं?

त्या सीटवर आता ओमप्रकाशभाऊंची आई बसते. पार्बताबाई. वय ऐंशीच्या पुढे, अंगाने चिमणीएवढी.

या पार्बताबाईचा एक नेम आहे. सकाळी उठल्यापासून ती मौन धरते. आंघोळ करते, तुळशीला पाणी घालते. मग तांब्याची छोटी गडवी आणि दिवसाचं पहिलं फूल घेऊन ती चाकापाशी येऊन बसते. ज्या चाकावर घर चालतं त्याला पाणी, त्याला फूल, आणि मगच तोंडातून शब्द. लग्न होऊन आली तेव्हा हे फूल बैलगाडीच्या चाकाला मिळायचं. पुढे सायकलला, मग लुनाला, आणि त्यानंतर मला. सतरा वर्षांत तिने एक सकाळ चुकवली नाही. फूल वाहून झालं की माझ्या नाकावर हात ठेवून म्हणायची, "चाल माय, सुखरूप ये." तेव्हाच ओमप्रकाशभाऊ किल्ली फिरवायचे. ती खाली बसली तरी तिचा पांढरा पदर त्यांना माझ्या काचेतून दिसायचा.

माझं कौतुकही खूप झालं. अंबादेवीच्या गर्दीच्या गल्लीत मी शिरायचे आणि लोक म्हणायचे, "भाऊ, तुमची गाडी हाये का मांजर?" मग मी म्हातारी झाले. रंग उडाला. हॉर्न बिघडला. स्टिअरिंग जरासं डावीकडे वळवून दाबलं तरच तो वाजतो, नाहीतर मुका. ही खोड फक्त ओमप्रकाशभाऊंना माहीत आहे. त्यांचा मुलगा चंदन हसून म्हणायचा, "बाबा, तुमचा हार्न बी आजीसारखाच हाये. नेम झाल्याबिगर बोलत नाही."

चंदनचं अमरावतीत बी-बियाण्यांचं दुकान आहे. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगते. पण मागच्या दिवाळीनंतर बाळापूरला एक लग्न होतं. चंदन, त्याची बायको मोनाली आणि त्यांची सहा वर्षांची आचल, असे तिघे माझ्यातून उतरले. त्याच वेळी अकोल्याहून चंदनचा साडू किशोर आला. त्याची गाडी केवढी! मांडवापाशी उभी राहिली तर नवरदेवाचा घोडासुद्धा बाजूला झाला. चंदन तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझं दार जरा जोरातच लावलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

यंदाच्या पाडव्याला आमच्या अंगणात ती आली. काळी, चकचकीत, सात माणसांची. वयाने मी मोठी, पण घरात तिचं नाव पडलं थोरली.

ओमप्रकाशभाऊ तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "एवढी मोठी काहून आणली बाप्पा? तीन मानसं तं तुमी."

"बाबा, धारणीकडचे रस्ते पाह्यले का तुमी? तिकडं बियान्याचे गिऱ्हाईक हायेत माहे. बुटकी तिथं टिकते का?"

"आनि रोज कुठं जातं?"

"दुकानात."

"मंग दुकान काय धारणीत हाये का?"

मोनाली पदरात तोंड लपवून हसली. चंदन म्हणाला, "तुमाले समजत नाही बाबा. मोठ्या गाडीत मानूस सेफ राह्यते."

सेफ! मित्रांनो, हा शब्द ऐकला आणि मला प्रश्न पडला, कोणता माणूस? आतला की बाहेरचा?

तुम्ही म्हणाल, ही बुटकी जळते. थोडी जळत असेनही. म्हणून खरं तेच सांगते. श्रावणात एकदा थोरली धारणीच्या पुढच्या गावी गेली. चिखलातून गेली आणि धड परत आली. मी गेले नसते. पण त्याच रस्त्याने रोज एसटी जाते, जीपा जातात, त्याही बारा-बारा माणसं घेऊन. आणि पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत ती तिकडे गेली ती एकदाच. बाकी रोज वलगाव ते अमरावती, आत एक माणूस, सहा सीटा रिकाम्या. फुलं तिच्यात ठेवायची नाहीत, कारण सीटा ओल्या होतील. ओमप्रकाशभाऊंनी चिखलाचे पाय घेऊन चढायचं नाही. एवढं मोठं पोट आणि त्यात काहीच घालायचं नाही, हे मला पहिल्यापासून पटलं नाही.

पण माझ्या संशयाचं खरं कारण वेगळं होतं. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पार्बताबाईने मला फूल वाहिलं आणि गडवी घेऊन ती थोरलीकडे गेली. नेम तो नेम, नवीन चाकालाही मान हवाच, आणि तोवर मौन सुटायचं नाही. मी अंगणात थोरलीच्या समोर उभी होते. पार्बताबाई तिच्या डाव्या चाकापुढे खाली बसली. मग मी वर, चालकाच्या काचेकडे पाहिलं. थोरलीचं नाक भिंतीसारखं उभं होतं. पार्बताबाईचं डोकं त्या नाकाच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं.

त्या दिवसापासून मी थोरलीवर डोळा ठेवला. रोज सकाळी तीच भीती. पार्बताबाई खाली बसली आहे आणि तोंडातून शब्द काढणार नाही. चंदन वर बसला आहे आणि त्याला खालचं दिसणार नाही. थोरलीला मागे बघायला कॅमेरा होता, तो चंदन सगळ्यांना कौतुकाने दाखवायचा. मागची मांजर दिसते म्हणे. पुढच्या म्हातारीचं काय, हे कोणी विचारलं नाही. आणि मला विचारता येत नव्हतं.

नवरात्रात चंदन आजीला हौसेने थोरलीतून अंबादेवीला घेऊन गेला. पायरी एवढी उंच की फुलांचा क्रेट उलटा ठेवून तिला चढवावं लागलं. गल्लीत गाडी शिरेना. पार दूर लावली, आणि पार्बताबाई तेवढी वाट उन्हात अनवाणी चालली. परत आल्यावर ओट्यावर माझ्या सीटवर टेकत ती एवढंच बोलली, "गाडी लय मोठी हाये बाप्पा. देव दूर पडला."

चंदन ओशाळला. पण दुसऱ्याच दिवशी वडिलांना म्हणाला, "बुटकीले गोठ्यामागं लावत जा ना बाबा. दसऱ्याले पाव्हने येतीन. आंगन कसं मोकळं दिसलं पायजे."

"फुलं काय गोठ्यामागून भरू?" ओमप्रकाशभाऊ म्हणाले. "दसऱ्यापर्यंत राहू दे. मंग पाहू."

तेवढ्यावर मी अंगणात राहिले. ही देवीचीच कृपा, असं मी मानते.

दसरा उजाडला. झेंडूवाल्याच्या घरी दसरा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. चादरीवर चादरी बांधून माझं पोट भरलं. मोनालीने थोरलीला धुतलं, हळदकुंकू लावलं, हार घातला आणि रिवाजाप्रमाणे चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. गाडी निघाली की लिंबू चिरडतं आणि दृष्ट जाते, असं आपल्याकडे मानतात.

हार करता करता पार्बताबाईला उशीर झाला होता. मला फूल वाहून ती थोरलीच्या डाव्या चाकापुढे जाऊन बसली. इकडे घराचं दार थोरलीच्या उजव्या बाजूला. चंदन घाईत बाहेर आला. बघतो तर गाडीला हार आहे, कुंकू आहे. त्याला वाटलं, पूजा आटोपली. तो उजव्या बाजूने चढला, काचा वर गेल्या, आत गाणं सुरू झालं.

मोनाली आत फराळाचं बघत होती. ओमप्रकाशभाऊ नुकते माझ्यात येऊन बसले होते आणि किल्ली शोधत होते.

थोरली हलली.

आधी गडवी गेली चाकाखाली. कचकन आवाज झाला. चंदनला तो चाकाखालचा दणका नक्की जाणवला असणार, पण तो थांबला नाही. लिंबू चिरडलं, असंच त्याला वाटलं. शुभ झालं असं वाटलं असेल! पार्बताबाई उठायला गेली, पण पदराचं टोक चाकाखाली अडकलं होतं. ती तिथेच खाली बसली. तिने तोंड उघडलं, आणि माझा जीव म्हणतात तो काय असेल तो गोळा झाला, की आता तरी ओरड, माय, देव रागावणार नाही! पण साठ वर्षांचा नेम एका क्षणात मोडत नाही. तिने नुसता हात वर केला. तो हातही थोरलीच्या नाकाच्या वर आला नाही.

ओमप्रकाशभाऊंनी मान वर केली. माझी काच खाली, माझं नाक खाली, त्यामुळे त्यांना समोर सगळं दिसलं.  सतरा वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालले. स्टिअरिंग जरासं डावीकडे, आणि वरून तळहात.

मी ओरडले. मित्रांनो, मी आयुष्यात एवढ्या जोरात कधी ओरडले नाही.

थोरली थांबली. काच खाली आली आणि चंदन चिडून म्हणाला, "काहून हार्न वाजवून राह्यले बाबा? निघून तं राहिलो ना!"

ओमप्रकाशभाऊंनी फक्त बोट दाखवलं.

चंदन उतरला. पुढच्या बाजूने वळसा घेऊन आला आणि तिथेच उभा राहिला. चाक आणि आजीचा गुडघा यांच्यामध्ये एक वीत जागा होती. मोनाली धावत आली. तिने पदर ओढून बघितला, तो निघेना, मग सरळ दाताने फाडला. "आजी, लागलं का वं? बोला ना! आजी!"

पार्बताबाई बोलली नाही. हातातलं फूल अजून तसंच होतं. तिने ते थोरलीच्या चाकाला वाहिलं, हात जोडले. मग नातवाकडे पाहून शांतपणे म्हणाली,

"चंदन, समोर काचेपाशी तू देवी बसवली ना रे? ते तुले दिसते. तिच्या पाया पडनारी बुढी नाही दिसली?"

चंदन मटकन खाली बसला, आजीच्याच शेजारी, चाकापुढे. तिथून त्याने वर पाहिलं. तिथून थोरली कशी दिसते ते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि पाहुणे गेले. मग ओमप्रकाशभाऊंनी चंदनला थोरलीत बसवलं, गाडी बंद ठेवून. आणि आचलला तिच्या नाकाशी उभं केलं.

"दिसते का लेक?"

"नाही."

"आचल बेटा, एकेक पाऊल मागं ये. मोठ्यानं मोज."

"एक... दोन... तीन..." आचलला हा खेळच वाटत होता. "चार! पप्पा, दिसले का मी?"

"नाही."

पाचला नाही. सातला नाही. आठला चंदनने मान ताणून बघितलं, तरी नाही. नवव्या पावलाला तिची लाल रिबीन दिसली. मग चंदन माझ्यात येऊन बसला. ओमप्रकाशभाऊंनी तोच खेळ माझ्यासमोर केला. तिसऱ्या पावलाला आचलचा अख्खा चेहरा दिसला, आणि पडलेल्या दातांची फट दाखवत ती हसली.

मित्रांनो, चंदनने थोरली विकली असं मी सांगितलं तर तुम्हाला आवडेल, पण ते खरं नाही. ती अजून अंगणात आहे. पण आता तिचं फूल पार्बताबाई वाहत नाही. चंदन स्वतः वाहतो. त्यासाठी त्याला रोज पुढे यावं लागतं, खाली बसावं लागतं, आणि उठल्यावर चारी बाजूंनी फेरी घ्यावी लागते. दुकानात निघताना आता कित्येकदा तो वडिलांना म्हणतो, "बाबा, मी तुमच्यासंगंच येतो बुटकीत." मग झेंडूच्या पिवळ्या पाकळ्या शर्टाला लावून तो दुकानात जातो, आणि गिऱ्हाईक हसतात. मला गोठ्यामागे लावायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

माझा संशय मात्र गेलेला नाही. आजही मी थोरलीच्या समोर उभी असते आणि तिच्या नाकावरून नजर काढत नाही. तुमच्या गल्लीतही अशी एखादी थोरली असेल. तिच्या आत रोज किती जण बसतात, ते जरा मोजा. मग ती चालवणाऱ्याला तिच्यात बसवा, गाडी बंद ठेवून, आणि तुम्ही तिच्या पुढून एकेक पाऊल मागे या. तुम्ही कितव्या पावलाला दिसता ते मोठ्याने सांगा. मोठ्या माणसांना ते ऐकू द्या.

आचलने आमच्या अंगणात नवव्या पावलाशी रांगोळीची एक रेघ काढली होती. ती वाऱ्याने पुसते. म्हणून पार्बताबाई रोज सकाळी, मौन सुटायच्या आधी, ती रेघ पुन्हा काढते. चेपलेली गडवी तिने टाकली नाही. रांगोळी आता ती त्या गडवीतच ठेवते.